मावशीसाठी जागा

कुरवंड्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या जीपमध्ये भाऊ रोज माझ्या शेजारी, खिडकीशी बसतात. चिक्कीच्या कारखान्यात कामाला आहेत, अंगाला कायम गुळाचा वास. काहीही बोलण्याआधी घसा खाकरतात आणि बऱ्याचदा नुसतेच खाकरतात.

त्यांच्या धाकट्या भावाचा खून झाला. गावातल्याच एका पोराला फाशी सुनावली, तेव्हा जीपमधल्या सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी फक्त घसा खाकरला. तेव्हापासून त्या पोराची आई जीपला हात करेनाशी झाली. पाटी डोक्यावर घेऊन चालतच निघायची. ती दिसली की हे डोंगराकडे तोंड फिरवायचे. मला तो राग वाटायचा.

एकदा मी सहज म्हणालो, "भाऊ, कितीतरी देशांनी फाशी बंदच केलीय."

बराच वेळ खाकरून त्यांनी विचारलं, "मंग तितं मेलेल्याच्या भावाला झोप लागती का?"



काल हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली. आज वळणावर ती दिसताच त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब रं. मावशीला घे."

डबा मांडीवर घेऊन ते सरकले, तिला खिडकी दिली. मग घसा न खाकरता मला म्हणाले, "रातच्याला लागली बरं का झोप."