ऊद फिरल्यावर

नणंदेची फिश टँक शैखाच्या डोळ्यांत खुपायची. दिवाणखान्याची अख्खी भिंत त्या काचेनं अडवलेली. "समुद्र गल्लीच्या टोकाला, आणि ही बया घरात गाळलेल्या पाण्यात विकतचं मीठ कालवत बसते," असं ती येईल त्याला सांगायची. नणंद लूलवाही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. "बंदराचं पाणी आणू? तुझ्या माहेरच्या लाँचींचं तेल तरंगतंय त्यात," असं ती तिथल्या तिथे सुनवायची.

नवऱ्यानं तलाक दिल्यावर लूलवा आखातातल्या सालमियात, बापाच्या घरी परतली. ही भिंत तिला बापानंच, जाण्याआधी, दिली होती. दगड घालून तिनं महिनाभर पाणी मुरवलं, मग एकेक जिवंत पोवळं लावलं. शाळेत ती शास्त्र शिकवायची आणि घरीही सगळ्यांना विद्यार्थीच समजायची. भाचरांनी काचेला बोट लावलं की खेकसायची, कुणी एसी बंद केला तर पाणी तापेल म्हणून घर डोक्यावर घ्यायची. माणूस म्हणून ती गोड नव्हतीच. पण या घरावाचून तिला दुसरी जागाही नव्हती, आणि शैखाला ते पक्कं ठाऊक होतं.

शैखाच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा शैखानं नव्या जोडप्यासाठी दिवाणखाना मागितला, टाकीसकट नणंदही हलवायची म्हणून. लूलवाचा भाऊ, म्हणजे शैखाचा नवरा मुसाइद, दोन्ही डगरींवर हात ठेवून होता. "बघू," एवढंच म्हणायचा.

शुक्रवारी शैखाची आई आणि मावश्या चहाला आल्या. खजूर झाले, पाकातले लुगेमात झाले. मग शैखानं उदाचं धुपाटणं पेटवलं आणि सगळ्या पाहुण्यांना ओलांडून सरळ लूलवापुढे धरलं.

"घ्या लूलवाताई. तुम्ही आधी."

आईच्या हातातला पेला तसाच राहिला. ऊद फिरला की पाहुण्यांनी उठायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. घरच्या माणसापुढे तो आधी कुणी धरत नाही.

लूलवानं धूर घेतला नाही. शैखानं हसत धुपाटणं टाकीखालच्या कपाटाच्या पुढच्या कडेवर ठेवलं. पाण्यातली घाण फेसावर काढणाऱ्या यंत्राची हवेची नळी तिथंच होती. धूर नळीत ओढला जाऊ लागला. फेस बसला, पाण्यावर तेलकट तवंग आला आणि पोवळी आत ओढली गेली. धुपाटणं हलवणं लूलवाला दोन पावलांचं काम होतं. पण ऊद पुढे आल्यावर आता उठली की पाहुणीसारखी उठलीच. उद्या सगळ्या सालमियात झालं असतं, लूलवाला ऊद देऊन काढली.

सासूला सलाम करायला मुसाइद तेवढ्यात आत आला.

"मुसाइद, ते धुपाटणं जरा हलव."

त्यानं बायकोकडे पाहिलं. "राहू दे ताई. वास छान येतोय."

लूलवाला रागानं रडू फुटत होतं. ती जागची हलली नाही. पाहुण्या चपला शोधत एकेक करून गेल्या, मुसाइदही सासूला पोचवायला सटकला.

"तुमची पोवळी मरतायत," शैखा म्हणाली. "दिसत नाही का?"

"दिसतंय. पाहुण्या गेल्या, मी इथंच आहे. तुला उचलायचं तर उचल."

शैखानं उचललं नाही. निखारा विझेपर्यंत दोघी समोरासमोर बसून राहिल्या. त्या आठवड्यात अर्धी पोवळी पांढरी पडली. भिंत रिकामी करायचं नाव मात्र त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.