आधी बसा, म्हणणाऱ्या मोठ्या बाई

मोठ्या बाई पाहुण्यांना देऊळ दाखवायच्या आधी दहा मिनिटं गप्प बसवत. रायगड पाहून परतणारी शाळेची सहल असो, नाहीतर मुंबईहून बायकामुलांना घेऊन आलेले साहेब असोत, सभामंडपात पाऊल टाकलं की बाई म्हणत, "आधी बसा. देऊळ कुठे पळून जात नाही." बसल्या बसल्या मग लोकांना लाकडी खांबांवर कोरलेले पोपट, हत्ती दिसू लागत, कुंडात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येई, आणि एखादं पोर आपणहून विचारी, "तो हत्ती हसतोय का?" तिथून बाईंचं बोलणं सुरू होई.

आमचं गाव महाड-पोलादपूर रस्त्यापासून थोडं आत. सत्तरचं दशक संपत असताना मी तिथल्या शाळेत नव्यानं लागले. बाई मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली की देवळाकडे त्यांची पावलं आपोआप वळत, आणि मीही त्यांच्या मागोमाग जाऊ लागले.

हिवाळ्यात सहलींच्या गाड्या थेट देवळाच्या दारात येत. एका वर्षी गाडी मागे घेताना चाक कुंडाच्या कठड्यावर चढलं आणि चार दगड पाण्यात कोसळले. अर्धा गाव त्या कुंडाचं पाणी भरायचा. गाळ उपसेपर्यंत आठ दिवस बायका नदीवरून हंडे आणत होत्या. बाई देवळाच्या कमिटीपुढे उभ्या राहिल्या. "गाड्या शाळेच्या मैदानात थांबतील. पुढं सगळे चालत येतील."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, अशानं लोक यायचे बंद होतील."

"चालायचा कंटाळा असलेले होतील," बाई म्हणाल्या.

लोक आले. चालत आले म्हणून वाटेतल्या घरांपाशी थांबले, ताक प्याले, अंगणात टेकले. बाईंनी मग जेवणाची पाळी लावली. प्रत्येक सहल वेगळ्या घरी जेवणार. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात आणि सोलकढी. घरचे जे जेवतात तेच.

यात पंचाईत झाली ती बाईंच्या धाकट्या भावाची. देवळाच्या दारातलं भजी-चहाचं हॉटेल दत्तूचं होतं. एका संध्याकाळी तो शाळेत आला आणि दारातूनच म्हणाला, "ताय, सगल्या गावाचा इचार केलास. माजाच नाय केलास." त्यानंतर त्यानं बोलणं टाकलं. त्या दिवशी बाईंनी तिसरीच्या वह्यांत बरोबर उत्तरांवर फुल्या मारल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या दाखवल्या, तर पुसत पुसत म्हणाल्या, "त्याचंही खरं आहे गं. पण कुंड एकच आहे."

पुढच्या हिवाळ्यात बौद्धवाडीतल्या सुमनची पाळी आली. कमिटीत कुजबुज झाली. एकानं पाळी बदलायचं सुचवलं. बाईंनी यादी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खोडायचं तर तुमच्या हातानं खोडा, आणि खाली सही करा." त्यानं यादी तशीच परत केली.

पाहुणे होते पुण्याच्या एका शाळेचे. सुमनच्या अंगणात बाई पहिल्या पंगतीला मुलांबरोबर मांडी घालून बसल्या. गावातले दोघं-तिघं कुंपणापाशी नुसतेच उभे होते. तेवढ्यात त्यांना बाजूला सारत दत्तू आत आला. एका हातात मोठी किटली, दुसऱ्या हातात भज्यांची परात.

"पावण्यांना च्या नाय पाजायचा काय गो ताय?" एवढंच बोलून तो वाढायला लागला. मग सुमनला म्हणाला, "वयनी, मला बी एक पान मांड."

बाईंनी मान खाली घालून भाकरी मोडली. मग चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "दत्तू, साखर जास्त झाली." तो इतका मोकळा हसला की किटली हिंदकळली. त्या दिवसापासून पाळी कुणाचीही असो, चहा-भजी दत्तूचीच असत.

बाई निवृत्त होऊन ठाण्याला मुलाकडे गेल्या आणि देऊळ दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच सहलीत एका मुलीनं विचारलं, "छतातल्या कमळाला एक पाकळी कमी का आहे?" इतकी वर्षं मी ते कमळ पाहत होते, पाकळ्या कधी मोजल्या नव्हत्या. मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. मग मनाला लागून राहिलं, म्हणून बाईंना पत्र टाकलं.

आठवड्यात कार्ड आलं. "मलाही माहीत नाही. पुढच्या वेळी तसंच सांग."

पुढच्या सहलीला मी कमळ आपणहून दाखवलं आणि म्हटलं, "एक पाकळी कमी आहे. का, ते आम्हाला कुणालाच माहीत नाही." चाळीस मुलं माना वर करून मोजायला लागली. त्या दिवशी जेवायला निघायचं कुणी नावच घेईना.