दुसऱ्या गटातल्या हजेरीमावशी

वजनकाट्यावर चढण्याआधी हजेरीमावशी हातातल्या बांगड्या, कमरेची किल्ली, केसांतल्या पिना, सगळं काढून ठेवायच्या. पदराची गाठ सोडून त्यातली सुपारीसुद्धा बाजूला व्हायची. "वजन माह्यं घ्या सर, बांगड्यांचं कायले घेता?" असं म्हणून मगच काट्यावर पाय. बाकीच्या बायांपैकी कुणी श्वास रोखून धरायची, कुणी भिंतीला हळूच बोट टेकवायची. आकडा खरा हवा असणारी ही एकटीच.

हजेरीमावशी हे नाव आम्हीच ठेवलेलं, कारण बायांची हजेरी त्यांच्यामुळेच भरायची. लोहाऱ्यातल्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं खिचडी शिजवली, त्यामुळे वस्तीतल्या निम्म्या तरुण आया त्यांच्या हातचं खाऊन वाढलेल्या. यवतमाळच्या एका कॉलेजने वजन कमी करण्याविषयी अभ्यास काढला होता आणि मी त्यातला सहायक. साठ बाया गोळा करायच्या आणि वर्षभर टिकवायच्या, एवढंच माझं काम. 'एवढंच' म्हणायला काय जातं! गोळा करणं एक वेळ जमतं, टिकवताना तोंडाला फेस येतो. कापसाची वेचणी आली की दहा जणी शेतात, दिवाळी आली की उरलेल्या माहेरी. आमच्या मोठ्या सरांनी 'गळती' या शब्दाची धास्तीच घेतली होती. मावशी मात्र दर महिन्याला दारोदार फिरून बाया घेऊन यायच्या. कुणी कुरकुर केली की ऐकवायच्या, "नाव देल्लं तं यावं लागते."

चिठ्ठ्या टाकून आम्ही दोन गट केले. पहिल्या गटाला आहाराचं मार्गदर्शन आणि सकाळचं चालणं. दुसऱ्याचं नुसतं वजन घ्यायचं, म्हणजे दोघांतला फरक कळतो. वर्ष संपल्यावर दुसऱ्या गटालाही तेच सगळं मिळेल, असं आम्ही कबूल केलं होतं. मावशींनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी उचलली आणि दुसरा गट निघाला. मी समजावलं, नेहमीसारखंच चालू द्या, काही बदलू नका. बाकीच्यांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. मावशींनी मात्र शब्दन् शब्द पाळला.

वजन कशासाठी उतरवायचं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गुडघ्यांमुळे विहारात वंदनेला खाली बसता येत नव्हतं. सगळ्या बाया सतरंजीवर आणि या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर. "बुद्धासमोर खुर्चीवर बसाची लाज वाटते मले," असं म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

चार-पाच महिन्यांनी सून त्यांना म्हणाली, सकाळी माझ्यासोबत फिरायला चला. मावशी आधी माझ्याकडे आल्या, चाललं तर चालेल का म्हणून विचारायला. खरं उत्तर मला पाठ होतं. त्यांनी सही केलेल्या कागदावरच लिहिलं होतं की तब्येतीसाठी त्या वाटेल ते करू शकतात, वाटेल तेव्हा अभ्यास सोडू शकतात. पण तोवर दुसऱ्या गटातून सात जणी गळाल्या होत्या. त्यात मावशी चालू लागल्या की त्यांच्या मागोमाग अख्खा गट चालू लागणार, हे मला दिसत होतं. मग फरक तो कसला दाखवायचा? मी म्हणालो, "एवढं वर्ष जाऊ द्या, मावशी." त्यांनी मान डोलावली. घरी जाऊन सुनेलाच दटावलं म्हणे, सरांचा कागद खराब होईल म्हणून. सुनेने हे मला हसत हसत सांगितलं आणि मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

वर्ष संपलं. शेवटचे दोन-तीन महिने मावशी सुनेच्या हाती निरोप धाडून बाया बोलावत होत्या. दुसऱ्या गटाची गळती सातावरच थांबली, म्हणून मोठ्या सरांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या टप्प्याला मात्र मंजुरी आली नाही, आहाराचं मार्गदर्शन करणाऱ्या बाई दुसरीकडे नोकरीला लागल्या, आणि दुसऱ्या गटाच्या वाट्याला आली प्रशस्तिपत्रं. ती वाटायला मीच गेलो.

मावशी दारात बाजेवर बसल्या होत्या. उजवा गुडघा चांगलाच सुजलेला होता. अभ्यास संपला, आता मार्गदर्शन वगैरे काही होणार नाही, हे मी कसंबसं सांगितलं. त्या चिडतील, ज्यांना ओढून आणलं त्या बायांना काय तोंड दाखवू म्हणतील, अशी मनाची तयारी करून गेलो होतो. चिडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता चालू का मी, सर?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या चौकट धरून तिथल्या तिथे उठल्या, चपला घातल्या आणि निघाल्या. तिसऱ्या घराच्या ओट्यापाशी थांबल्या. ओट्याला हात टेकून दम घेतला, मग माझ्याकडे वळल्या आणि नुसती माहिती दिल्यासारख्या म्हणाल्या, "मांगच्या वर्सी शाळेपर्यंत जात होती मी."