माझं एकुलतं एक वाक्य

उइटहॉर्न या डच गावात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी बाई सिनेमांसाठी माणसं शोधायची. लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर तिने जिन्यातच, दीड मीटर लांबून, मला इंग्रजीत विचारलं, "शेजारणीचं काम करशील? भारतीय बायकांना नेहमी देतात तशी दुकानदारीण नाही, नर्स नाही. नुसती शेजारीण. एकच वाक्य आहे."

शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून मी गप्प बसायचे, घरी मराठीला चुलत भावंडं हसायची म्हणून गप्प. तरी "नुसती शेजारीण" ऐकून हो म्हणाले. पुण्यात आईने संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळवलंही.

सिनेमा विनोदी होता, पण मरणावरचा. म्हातारा गेलाय, अंत्यविधीला मोजकीच माणसं चालतात आणि त्यांत कोण बसणार यावरून मुलं भांडतायत. शेजारीण येते, शवपेटीपाशी फुलं ठेवते आणि दारातून म्हणते, "चला, पुन्हा भेटू." हे डचमध्ये मी आरशासमोर इतक्यांदा घोकलं की नवरा म्हणाला, "तू आजारी पडलीस तर मी जातो. मला पाठ झालंय."

सेटवर नाकात काडी घालून टेस्ट झाली, मग तालीम. फुलं ठेवली, दारापर्यंत आले आणि वाक्य न म्हणताच थांबले. लहानपणी शेजारचे काका गेले तेव्हा निघताना मी सवयीने "येते हं काकू" म्हणाले होते. आईने दंडाला असा चिमटा काढला! अशा घरातून निरोप घेऊन निघायचं नसतं. उठायचं आणि चालू लागायचं.

"विसरलीस?" दिग्दर्शिकेने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. खरं सांगितलं तर माझं एकुलतं एक वाक्य जाणार होतं. नाही सांगितलं तर ती शेजारीण आमच्यातली फक्त दिसली असती, वागली नसती.

"ती हे म्हणणार नाही," मी मास्कमधून पुटपुटले.

"काय?"

मास्क खाली ओढून मोठ्याने सांगितलं. चिमट्यासकट.

"आणि आमची माणसं मेलेल्या माणसासमोर पुन्हा भेटू म्हणतायत!" ती हसत सुटली. हसता हसताच तिने माझं वाक्य खोडलं. मला वाईट वाटलंच.

शॉटमध्ये सगळी मुलं शवपेटीकडे बघत एकामागून एक "पुन्हा भेटू" म्हणाली. मी कोट सावरला आणि मुकाट्याने निघाले. मागे लाइटवाल्याला हसू आवरेना.

"उद्या ये," दिग्दर्शिका म्हणाली. "शेजारणीच्या स्वयंपाकघराचा सीन आहे. त्यातही काही चुकलं असेल."

आईचा फोन आलाच. "काय बोललीस?"

"काही नाही. वाक्य काढलं." कारण सांगितलं.

"चिमटा अजून लक्षात आहे होय? पण मी सोसायटीत सांगू काय?"

"सांग, बोलले. कॅमेरा बंद असताना."

दुसऱ्या दिवशी मी वेळेआधीच पोचले. स्वयंपाकघराच्या सीनची पानं हातात घेतली आणि "कुणीतरी पेन्सिल द्या," म्हणाले.