प्लायवर रंधा

जुन्या काळातल्या एका शेठनं मृत्युपत्रात लिहून ठेवलं, हातानं काम करणाऱ्या सुताराला मरेपर्यंत मदत द्यावी. अट एकच. वर्षातून एकदा विश्वस्तांसमोर फळीवर रंधा मारून दाखवायचा. आधी माझ्या आजोबांनी मारला, मग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. शेठ भला माणूस असणार. त्याच्या खुर्चीवर आता जे बसलेत, त्यांच्या नावानं मी रोज बोटं मोडते.

मागच्या वर्षी अण्णांचा हात थरथरायला लागला. संस्थेच्या वहीत आजोबांच्या खाली आपलं नाव आहे, ते खोडलं जाईल या धास्तीनं म्हातारा झोपेना. महिनाभर आमच्या दिघ्याच्या खोलीबाहेर सराव चालला. शेजारीण करवादायची, "अण्णा, भुसा भातात येतोय हो!" अण्णा ढिम्म. शेवटी एकदाची कागदासारखी अखंड साल निघाली. ती त्यांनी माझ्या वेणीत खोवली. काय खूश होते!

बेलापूरच्या ऑफिसात तिघं विश्वस्त चहा पीत बसलेले. टेबलावर फळी होती, प्लायवूडची.

"सायेब, प्लायला रंदा मारत न्हाईत," अण्णा म्हणाले. "थर उचकटत्यात, पात्याची बी वाट लागती."

"नियमात फळी लिहिलंय. ही फळीच आहे ना? जमत नसेल तर तसं सांगा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला लोकल गाठायची घाई. मी हळूच म्हटलं, "अण्णा, वाद नको. यांना काय कळतंय? चार हात मारा आणि चला."

त्यांनी मारला. वरचा थर टराटरा फाटला, रंधा अडकला आणि तेवढ्यात हातही थरथरला. एक विश्वस्त फिस्सकन हसला. "हात गेला हो यांचा," म्हणत दुसऱ्यानं नावावर रेघ ओढली. तिसऱ्यानं बिस्कीट बुडवलं. मुडदा बशिवला मेल्यांचा!

जिन्यात मी तणतणत होते. तक्रार करते, वरपर्यंत जाते, लाकडातलं ओ की ठो कळत नाही या लोकांना. अण्णा रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत होते. पात्याला खांडं पडली होती.

"त्यास्नी कळत न्हाई, मान्य," ते म्हणाले. "तुला कळत हुतं."