तपासनीसबाईंचा नाताळ

तपासनीसबाईंनी उभी हयात विमा कंपनीत आगीचे दावे तपासण्यात घालवली होती. दुकान जळालं की लोक मालकाचं सांत्वन करत, बाई मात्र आदल्या दिवशी तिथून कुठला माल हलवला होता ते विचारत. डिसेंबरच्या सुरुवातीला त्या एका जळक्या गोदामाच्या जिन्यावरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसल्या.

धाकट्या बहिणीने वाचनालयातून नाताळच्या कादंबऱ्यांची पिशवी भरून आणली. कव्हरवर बर्फ, खिडकीत दिवे.

"जरा गोड वाच, ताई. सगळीच माणसं चोर नसतात."

पहिल्या कादंबरीत बुडायला आलेली बेकरी एका अनोळखी तरुणाने ऐन नाताळात वाचवली. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. हा पठ्ठ्या महिनाभर गावात राहतो, मग त्याच्या नोकरीचं काय? दुसरीत पाय मुरगळलेल्या नायिकेला शेजारचा सुतार रोज सूप आणून देत होता. त्याचा काय डाव आहे, हे शोधत बाईंनी पुस्तक एका बैठकीत संपवलं. डाव नव्हताच. त्यामुळे तर त्यांना जास्तच संशय आला.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचा शिंपी सूपचा डबा घेऊन दारात उभा राहिला. इतकी वर्षं जिन्यात मान हलवण्यापलीकडे त्याने ओळख दाखवली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. डबा ठेवताना त्याची नजर टेबलावरच्या पुस्तकांवर फिरायची. बाईंनी ते हेरलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"हे बघा, सूप चांगलं असतं," शेवटी त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला हवंय काय?"

शिंप्याने मानेवरची टेप ओढली. "पुस्तकं. बायकोला ही फार आवडतात. डोळे गेल्यापासून मीच वाचून दाखवतो. यंदा वाचनालयात गेलो तर सगळी तुमच्याकडे."

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

"बोलणार होतो. तुम्ही बघता कशा, ते तुम्हाला ठाऊक नाही."

गोष्ट सरळ वाटत होती, म्हणूनच बाईंनी ती पडताळायची ठरवली. कुबड्या घेऊन, एकेक पायरी उतरत त्या खाली गेल्या. बायको खरोखर होती, खिडकीपाशी शाल पांघरून बसलेली. बाईंनी सोबत आणलेलं पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. नायक दोनच पानं बोलला असेल, तेवढ्यात ती म्हणाली, "याचं आधी एक लग्न झालेलं असणार."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "मलाही तेच वाटलं."

मग रोज संध्याकाळी बैठक जमू लागली. मात्र वाचन सुरू झालं की शिंपी चप्पल घालून बाहेर सटकायचा. हे बाईंच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. म्हणजे पुस्तकं हे निमित्त, असं त्यांनी मनाशी धरलं. एकदा पान उलटताना त्या खिडकीकडे झुकल्या. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर शिंपी बसला होता. हातात काही नाही, जवळ कुणी नाही.

"थांबलात का?" बायकोने विचारलं. "तो दिसतोय?"

"समोर बसलाय. नुसताच."

"बसू दे," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं कामाशिवाय या खोलीबाहेर पडला नाही. तुम्ही जरा सावकाश वाचत चला."

बाईंनी मागचं पान पुन्हा काढलं.