रेजिमेंटचा उष्टा मग

मंडळी, भुताखेतांचे किस्से ऐकून फिदीफिदी हसणाऱ्यांतली मी. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या माझ्या जावेला तोंडावर वेडी म्हटलंय. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण लाजेपेक्षा किळस जास्त. जेवता जेवता वाचत असाल तर ताट संपवा आणि मग या.

आम्ही सिंगापूरला, बेडोकमध्ये राहतो. नवरा नितीन मरीन इंजिनिअर. आधी बोटीवर होता, आता पोर्टजवळच्या वर्कशॉपमध्ये असतो. मुलगी अनया दुसरीत. नितीनला एक खूळ आहे – एका जुन्या ब्रिटिश पायदळ रेजिमेंटचं. (नाव लिहीत नाही, उगाच वाद नकोत.) ती रेजिमेंट दख्खनमध्ये लढली, पुण्याला तिची छावणी होती, पुढे सिंगापूरला आली. "म्हणजे बघ, आपल्याच वाटेने!" हे तो कौतुकाने सांगणार. कसलं कौतुक? ते काय आपले मामा लागतात? पण बिल्ले, बटणं, बक्कलं घरात येत राहिली. हौसेला मोल नसतं म्हणून मी सोडून दिलं.

गेल्या दिवाळीच्या आधी त्याने त्या रेजिमेंटच्या मेसमधला मग आणला. चांगला तांब्याएवढा, वर चांदीचा मुलामा, आत काळाकुट्ट. तळाशी घोडेस्वाराचं काहीतरी डकवलेलं. "नेटिव्ह मेडल असणार," उंटावरचा शहाणा म्हणाला. मी वास घेतला आणि तोंड फिरवलं. शिळी बिअर, तंबाखू आणि न धुतलेलं तोंड... शी!

फराळाला त्याचे मित्र जमले. मी आत चकल्या तळत होते, बाहेर ह्याचं व्याख्यान चालू. मेसमध्ये नवा अधिकारी आला की हा मग भरून टेबलाभोवती फिरवायचे. प्रत्येकाने घोट घ्यायचा, काही जण मुद्दाम आत थुंकायचे, आणि उरलेलं सगळं त्या नव्याने एका दमात संपवायचं. तळाचा 'नेटिव्ह घोडेस्वार' दिसला की टाळ्या! सगळे खो खो हसले. वर या टोणग्यांनी तसाच मग फिरवला, सगळ्यांनी बिअर प्यायली आणि शेवटी तो नुसता खळबळून त्यात अनयाला बार्लीचं पाणी दिलं. मी बाहेर आले तेव्हा पोरगी मग रिकामा करून टाळ्यांत उभी होती. "Mama, inside got horse!"

दुसऱ्या दिवशी तिने दुधाचा पेला बाजूला सारला. "Somebody drink already lah."

कोणी प्यायलं नव्हतं. दुसरा पेला दिला. तेच. पोळी तव्यावरून थेट ताटात वाढली – "Somebody eat already." आता बघा, उष्टं हा शब्दसुद्धा तिला माहीत नाही. इथे जन्मली, शाळेत मैत्रिणीच्या बाटलीतून खुशाल पाणी पिणारी ही पोर! पहिले दोन दिवस मी नखरे समजून ओरडले.

मग एकदा तिचा स्टीलचा पेला मी स्वतः घासून, पुसून भरला. तिच्यापुढे ठेवायला गेले आणि कडेवर ओठ उमटलेले दिसले. मोठ्या माणसाचे, तेलकट. आणि पाण्यावर एक केस तरंगत होता. लालसर, जाड, आखूड... मिशीचा. आमच्या घरात मिशी कोणाला नाही. मी तो पेला सिंकमध्ये टाकला आणि तिथेच ओकले.

डॉक्टर झाले, रिपोर्ट झाले. सगळं नॉर्मल, "काही मुलं अशी फेजमधून जातात." पोरगी मात्र वाळत चालली होती. युनिफॉर्मचा स्कर्ट कंबरेवर ठरेना. शाळेतून फोन आला, घरी सगळं ठीक आहे ना? पुढची पायरी सलाईनची, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी नितीनला म्हटलं, तो मग घराबाहेर काढ. तर म्हणे, "काहीतरीच काय! रेजिमेंटची हिस्ट्री आहे ती." मुलगी हातची चाललीये आणि ह्याला हिस्ट्री!

त्याच रविवारी दुपारी आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो. त्याने पाण्याची नवी बाटली घेतली आणि तिच्यासमोर सील तोडलं. "बघ बेटा, सील होतं. कोणी पिणं शक्यच नाही." तिने वास घेतला, डोळे भरून आले तिचे. "Papa, they all drink already."

"वेडाबाई," म्हणत त्याने मोठा घोट घेतला... आणि भर गर्दीत भळकन थुंकला. टेबलावर, शर्टावर. शेजारची आजी टिश्यू घेऊन धावली. तो तोंड पुसत राहिला, पुसतच राहिला. घरी येऊन एवढंच म्हणाला, "कचऱ्याच्या चूटमध्ये फेकून दे तो मग."

फेकायच्या आधी तळाशी आहे तरी काय ते बघावं म्हणून मी तो चिंचेने घासला. मेडल कसलं! घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रं. अगं बाई, हा तर टाक! माझ्या माहेरच्या देव्हाऱ्यात अगदी असाच आहे. सासरी टाक नाहीतच, म्हणून ह्याला ओळखू आला नाही. कोणाच्या तरी घरचा कुलदेव त्या मेल्यांनी देव्हाऱ्यातून उचलला, मगाच्या तळाशी बसवला आणि वर्षानुवर्षं त्याच्या तोंडावर आपली थुंकी ओतली. आपण देवाच्या नैवेद्यातलं मीठसुद्धा चाखून बघत नाही हो! मी तशीच चिंचेचे हात घेऊन बाहेर गेले. मी नितीनला सगळं सांगितलं. तो तसाच मग घेऊन वर्कशॉपला गेला आणि स्वतःच्या हाताने तळ कापून टाक मोकळा करून आणला.

मी देवाला पंचामृताने न्हाऊ घातलं, भंडारा वाहिला. लिटल इंडियातून भरताची वांगी आणली. भरीत-रोडगा केला, न चाखता, आणि पुढे ठेवला. येळकोट म्हटलं. अनया येऊन ताटाजवळ बसली. वाकून वास घेतला.

"Mama, this one nobody eat yet," म्हणाली आणि बचाबचा जेवायला लागली. मी पदर तोंडात कोंबून रडले. तिने टाकलेला अर्धा रोडगा मी खाल्ला. नुसत्या वांग्याची चव होती, दुसरी कसलीच नाही.

आता ती ठणठणीत आहे. टाक आमच्या देव्हाऱ्यात आहे. कोणत्या घरचा देव, कोण त्याची वाट बघत संपलं, कळायला मार्ग नाही.

नितीनने शोकेस रिकामी केली, माझ्या कपबशा तिथे गेल्या. पण तो त्यांतल्या एकाही कपाला तोंड लावत नाही. पेल्याला नाही, बाटलीला नाही. तहान लागली की सिंकपाशी जातो, नळ सोडतो, ओंजळ धरतो, तिच्यात बराच वेळ बघतो आणि मग पितो.